दोन नावांतलं एक

गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून फिस्तोन बसून राहिला. ज्याच्या गाण्यावर लिस्बनपासून टोकियोपर्यंत लोक घाम गाळत नाचतात, त्या गड्याला किन्शासाच्या बांदाल वस्तीतल्या एका पत्र्याच्या दाराशी जायची हिंमत होईना. होणार कशी? काम करून ठेवलं होतं तोंड लपवण्यासारखं.

त्या दारामागे दोन म्हातारे राहत. न्सिंबा आणि न्झुझी, जुळे भाऊ. न्सिंबा आधी जन्मलेला, न्झुझी त्याच्या मागोमाग. न्सिंबाची गिटार ठेका धरायची आणि न्झुझीची त्यावर नाचायची. फिस्तोनच्या अंगात धड सदरा नव्हता, तेव्हा याच अंगणात दोघांनी त्याला वाजवायला शिकवलं, वर जेवूही घातलं.

आता गाण्यात नावं फेकायची ही किन्शासाची जुनीच रीत. गाणं रंगात आलं की गायक नावं पुकारतो, आणि आपलं नाव यावं म्हणून बडी धेंडं थैली मोकळी करतात. फिस्तोनने मात्र आपल्या गाण्यात फुकट, मनापासून पुकारलं होतं, "न्सिंबा! न्झुझी!" गल्ली त्या दिवशी वेडी झाली होती.

मग लंडनच्या एका स्टुडिओत त्या गाण्याला लागोसचा ताल आणि जोहान्सबर्गचा खर्ज जोडायचं ठरलं. रिप्टन नावाचा तिथला निर्माता म्हणाला, "दोन नावं लांबतात. एक उडवू, तिथे माझं बसेल."

जुळ्यांतल्या एकाचंच नाव आमच्याकडे कुणी पुकारत नाही. दुसरा मातीआड गेला, तरच. फिस्तोनला हे आईच्या दुधाबरोबर ठाऊक. पण मेला तोंडात मिठाची गुळणी धरून बसला! न्सिंबा उडाला, रिप्टन बसला, आणि गाणं जगभर वाजलं.

झालं! ब्रुसेल्सहून, ब्राझाव्हिलहून सांत्वनाचे फोन सुरू झाले. मातादी गावची त्यांची चुलतबहीण तर बसमधून उतरली तीच छाती पिटत, आणि नाक्यावरून मयताच्या प्लास्टिकच्या खुर्च्याही सांगून आली. अंगणात पाऊल टाकते तर न्सिंबा खारा मासा धूत बसलेला. बाई तिथेच भोवळ येऊन पडली.

हे सगळं फिस्तोनला फोनवर कळलं होतं. शेवटी तो गाडीतून उतरला. बगलेत दोन सदरे होते, एका रंगाचे, एका मापाचे. जुळ्यांना द्यायचं ते सारखंच, एवढं तरी तो विसरला नव्हता.

दार न्सिंबाच्या बायकोने, ममा ओदीलने उघडलं. "आलास? उशीर केलास बाबा. रडणारे सगळे परत गेले."

न्सिंबा आंब्याखाली बसला होता. फिस्तोन गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी सदरे पुढे केले.

न्सिंबाने ते निरखले. "दोन? दुसरा कुणासाठी रे?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं फिस्तोनला झालं. "पापा, चुकलो. रविवारी स्टेडियमवर माझा कार्यक्रम आहे. तुम्ही दोघं माझ्या शेजारी बसून वाजवा. सगळ्यांसमोर दोन्ही नावं पुकारतो. तुम्ही आला नाहीत तर मला या शहरात तोंड दाखवायला जागा नाही."

"त्याला विचार," न्सिंबाने हनुवटीने दाखवलं. न्झुझी ओट्यावर पाठ करून बसला होता. भिंतीवर त्याची गिटार होती, तिच्या सगळ्या तारा त्याने काढून टाकल्या होत्या.

न्झुझी न वळता म्हणाला, "माझा भाऊ ज्या गाण्यात मेलाय, त्यात मी वाजवत नाही."

"मी जिवंत आहे ना बोलायला?" न्सिंबा हसला. "ऊठ पोरा. रविवारी कसं म्हणणार ते आत्ता म्हणून दाखव. ऐकू आणि ठरवू."

फिस्तोनच्या जिवात जीव आला. त्याने डोळे मिटले आणि आवाज लावला. काय गळा होता कार्ट्याचा! भिंतीपलीकडच्या बायका भांडी थांबवून ऐकू लागल्या. न्सिंबाची बोटं मांडीवर ठेका धरू लागली. न्झुझीनेसुद्धा मान वळवली. गाणं चढलं, रंगात आलं, नावांची जागा आली आणि फिस्तोनने जीव ओतून पुकारलं,

"न्झुझी! रिप्टन!"

किती शहरांत, किती रात्री तसंच गायला होता. जिभेला तेच वळण पडलेलं.

फिस्तोनने तोंडावर हात दाबला, पण बाहेर पडलेलं नाव परत आत कसं जाणार? न्सिंबाची बोटं थांबली. न्झुझी उठला आणि घरात गेला.

"पापा, पुन्हा म्हणतो. एकदाच," फिस्तोन रडत होता.

"नको. सूर छान लागलाय तुझा," न्सिंबा म्हणाला. त्याने एक सदरा उचलून फिस्तोनच्या मांडीवर परत ठेवला. "ओदील, पोराला वाढ गं. मयताच्या घरून कुणाला उपाशी धाडू नये."

ममा ओदीलने पोंदूची भाजी आणि खारा मासा पुढे ठेवला. समोर न्सिंबा बसून होता, आणि फिस्तोन खाली मान घालून जेवला.