खात्रीशीर लेक

बत्तीस वर्षं लोकांचे दाखले तपासण्यात घालवलेला माणूस निवृत्त झाला, तरी त्याची नजर काही निवृत्त होत नाही. गल्लीत त्यांना सगळे तपासनीसच म्हणत. लेकीने सायकली दुरुस्त करणाऱ्याशी परस्पर लग्न केलं, तेव्हापासून दोन वर्षं त्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं. बायको मात्र आतल्या आत झुरत होती.

एका सकाळी त्यांच्या फोनवर लेकीचा निरोप आला, ‘बाबा, कसे आहात?’

तपासनिसांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि जाहीर केलं, की नावापुढे निळी खूण नाही, तेव्हा ही कुणी तोतया असणार. ती खूण कुणी बडा साहेब कागदपत्रं पाहूनच देतो, अशी त्यांची ठाम समजूत. बायकोने कपाळाला हात लावला. नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोरीला आता खूण हवी! पण नवरा तिला पुरता ठाऊक होता. दिवसातून दहादा निरोप उघडून बघत होते, ते काय तोतयासाठी? तिने गुपचूप लेकीला कळवलं.

आठवड्याने पुन्हा तोच निरोप आला. या खेपेला नावापुढे निळी खूण, अगदी ठसठशीत. तपासनिसांनी चष्मा पुन्हा पुसला. आनंदाच्या भरात बायको बोलून गेली, की ही खूण हल्ली महिन्याचे पैसे भरले की मिळते आणि पैसे जावयानेच भरलेत. बोलली आणि तिने जीभ चावली.

“विकत मिळते?” तपासनीस ताठ बसले. “मग याला पुरावा कोण म्हणेल?”

एका बोटाने काहीतरी लिहून, फोन ठेवून ते तरातरा आंघोळीला गेले. हातातोंडाशी आलेला घास आपणच घालवला, या विचाराने तिला रडू फुटलं. डोळे पुसत तिने वाचलं: ‘खूण ग्राह्य धरता येत नाही. मूळ व्यक्तीने रविवारी सकाळी समक्ष हजर राहावे.’

ती वाचते न वाचते तोच लेकीचं उत्तर आलं, ‘सोबत कुणी चालेल?’

फोन घेऊन ती न्हाणीघराच्या दाराशी गेली आणि मोठ्याने वाचून दाखवलं. आतला पाण्याचा आवाज थांबला. तिने दाराला कान लावला.

“साक्षीदार लागतोच,” आतून उत्तर आलं. “जावईबापूंना घेऊन ये म्हणावं.”