पाटीवरचं नाव

कळव्यातल्या आमच्या सोसायटीचं अध्यक्षपद हवंय, हे महेंद्र दहा वर्षं फक्त मलाच ऐकवत होते. शेवटी वैतागून मीच निनावी पत्र लिहिलं, की अध्यक्ष सीतारामकाका पाण्याची टाकी साफ न करताच केल्याचं दाखवतात. धडधडीत खोटं. काकांनी वाद न घालता राजीनामा दिला आणि आमचे हे अध्यक्ष झाले.

आता तरी सुखाने जेवावं की नाही? पण नाही! गेटजवळच्या पाटीवर म्हणे यांच्या नावाखालून काकांचं नाव दिसतं. तीनदा रंग मारून घेतला. शेवटी रंगारीसुद्धा हसायला लागला.

"अहो, पाटी नवीकोरी आहे, ठाण्याहून करून आणलीय! खाली नाव येईल कुठून?" ओरडून ओरडून माझा घसा बसला. हे आपले ताट सोडून परत खाली.

आज सकाळी सीतारामकाका जिन्यात भेटले. "वैशाली, टाकीचं झाकण सैल झालेलं, मी बसवलंय. महेंद्रला सांग," म्हणाले. इतकंच.

भाजी घेऊन येताना मी पाटीकडे सहज बघितलं. मग तशीच मागे फिरले आणि हार्डवेअरच्या दुकानात जाऊन रंगाचा डबा मागितला.