लाख्याची शिंगं आणि मोटारीचं चाक

पोळा जवळ आला की उखाचा भाव वधारायचा. एरवी तो पितांबर पाटलांचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. पण ते आठ दिवस त्याच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. तापीकाठच्या त्या गावात बैलांची शिंगं रंगवावीत तर उखानंच. काचेच्या तुकड्यानं शिंग खरवडायचं, गोडं तेल चोळून रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि मग वार्निश घातलेला रंग हलक्या हातानं फिरवायचा. रंग असा चकाकायचा की बाया म्हणायच्या, उखाभाऊ, ह्यात बघून कुंकू लावावं!

आणि त्यातही लाख्याची शिंगं. अहाहा! लाख्या म्हणजे पाटलांच्या जोडीतला डावा बैल. मोठा तापट गडी. उखाशिवाय कुणी शिंगाला हात लावला तर फुरफुरायचा, मान झटकायचा. पण उखा रंगाची वाटी घेऊन समोर उकिडवा बसला, की हा एवढा थोरला बैल मान खाली घालून कपाळ त्याच्या खांद्याला टेकवायचा आणि रंग होईस्तोवर हलायचा नाही. उखाची बायको तापीबाई ते बघून दरवर्षी न चुकता म्हणायची, "बैलवर जितली माया करस, तितली मन्हावर कर ना!" आणि उखाही दरवर्षी म्हणायचा, "मंग तू बी बठ तशी मान खाले घालीसन." काय दिवस होते ते!

बासष्ट साली त्या दिवसांना दृष्ट लागली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास उखा धडगावला लेकीकडे गेला होता. मीनाबाईला मुलगा झाला होता, बारसं होतं. चार दिवसांनी परत आला, तो तडक गोठ्यात गेला. गोठा रिकामा! दावणीसमोर एक जुनी काळी मोटार उभी, आणि बाहेर खळ्यात नवाकोरा ट्रॅक्टर.

"मालक, लाख्या कोठे शे?"

पितांबर पाटील ओट्यावर सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही. "इकी टाकात. दोन्ही. रायसिंगनी लिधात, नवापूरना रस्तावर शे त्यानं गाव. आते ट्रॅक्टर शे उखा, बैल काय कराना?"

उखा तसाच माघारी फिरला. बोलणार काय, बैल मालकाचे, गोठा मालकाचा. पण दोन दिवस त्याला भाकर गेली नाही. त्याला राहून राहून वाटे, मला विचारू नका, पण निदान मी येईपर्यंत तरी थांबायचं! एकदा पाठीवर हात फिरवून सोडलं असतं. पाटलांनाही ते कळत असावं. कारण त्या दिवसापासून ते उखाशी बोलताना दुसरीकडेच बघायला लागले.

मोटारीचं म्हणाल तर ती बाहेरून ठाकठीक होती. पण आत हातात धरायचं चाक, मधलं हॉर्नचं बटण, खिडकीच्या काचा वर-खाली करायच्या कड्यांची गोल बोंडं, सगळं प्लास्टिकचं. कधीकाळी हस्तिदंती असलेलं ते प्लास्टिक आता म्हाताऱ्याच्या दातांसारखं पिवळं पडलं होतं आणि त्याला भेगाही गेल्या होत्या. गावातली पोरंसोरं हसायची, पाटील चिडायचे. श्रावण सरत आला तेव्हा एके दिवशी ते उखाला म्हणाले, "तू शिंगे चमकाडस. हाई चाक चमकाडी देशी का?"

उखानं चाकाकडे पाहिलं. मग पाटलांकडे पाहिलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तो मोकळं बोलला. "देसू. पण मालक, पोळाले माले लाख्याकडे लई चला. त्यानी शिंगे मीच रंगाडसू. तो दुसराले हात लावू देत नही."

पाटलांनी चाकावरून बोट फिरवलं. "चाक चमकनं तं लई जासू. ह्याच मोटारमा."

"शबद?"

"शबद."

पोळ्याला आठ दिवस होते. उखाच्या अंगात वारं भरलं. त्याच दिवशी त्यानं काचेच्या तुकड्यानं चाक खरवडलं, भेगांत लांबीचं लुकण भरलं, आणि वर्षानुवर्षं जे करत आला तेच केलं. गोडं तेल घेतलं आणि चाक, बटण, बोंडं सगळ्याला प्रेमानं चोळून रात्रभर मुरत ठेवलं. सकाळी पुसलं. नंदुरबारहून आणलेला हस्तिदंती रंग दिला. काय चकाकी आली म्हणता! दोन दिवस त्यानं कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. तापीबाईला म्हणाला, "नवी शिदोरी करी ठेव, पोळाले रायसिंगना गावले जानं शे."

तिसऱ्या दिवशी पाटील मोटारीत बसले. चाक धरलं, वळवलं, हात उचलला, तर रंगाची सालटंच्या सालटं तळहाताला चिकटून आली! दोन्ही हात चुनखडीत बुडवल्यासारखे. खळ्यात उभी असलेली माणसं खो-खो हसली. पाटलांचा चेहरा लाल झाला. "हाई चमकाडं? ऱ्हाऊ दे आते. चाक नही, शबद नही."

पाच दिवस उरले होते. उखा तसाच उठला आणि पायी नंदुरबारची वाट धरली, मोटारीचं एक बोंड कमरेच्या फडक्यात बांधून. तिथं बशीर पेंटर होता. टांगे रंगवायचा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पोळ्याचा रंग उखा दरवर्षी त्याच्याकडूनच न्यायचा, दोघांची दोस्ती जुनी.

बशीरनं बोंडावरून अंगठा फिरवला आणि नाकाशी नेलं. "अरे उखा! तेल लगाया?"

"लावं ना. शिंगले लावतस तसं."

बशीरनं कपाळावर हात मारला. "शिंग तेल पेस, बाबा! जनावरना हाड-मांसना शेजारे वाढेल चीज शे ती. हाई प्लास्टिक. हाई काहीच पेत नही. तेल वरच ऱ्हायनं, त्यावर तुन्हा रंग तरंगना."

उखाला आपल्याच हाताचा राग आला. इतक्या वर्षांची सवय, तिनंच घात केला. बशीरच्या बायकोनं, हलीमानं, चहा आणून ठेवला. ती म्हणाली, "भाईजान, रडू नका. होऊन जाईल." तेव्हा उखाला कळलं की आपले डोळे भरलेत.

बशीरनं सगळं समजावून दिलं. जुना रंग काढ. सोड्याच्या पाण्यानं धू, पुन्हा धू, मग साबणानं धू. पाणी टाकलं की थेंब गोळा होऊन पळायला नको, सगळीकडे सारखं पसरायला हवं. तोवर तेल गेलं नाही समज. मग पाणीपेपर, हा घासायचा खरखरीत कागद, ओला करून इतकं घास की चकाकी पार मरेल. चकाकी आणायची तर आधी मारावी लागते. नंतर उघड्या हातानं धरू नको, हाताला पण तेल असतं. रंग पातळ, इतका पातळ की पहिला हात दिल्यावर वाटावं काहीच दिलं नाही. एका दिवशी एकच हात. आणि धूळ, वारा, माशी, काही नको.

उखा पायीच परतला. गोठ्यातच बसून घासायला लागला. बोटांची सालं निघाली. तापीबाईनं पाणी ओतलं, फडकी धुऊन दिली, आणि ह्या वेळी चेष्टा केली नाही. पावसाळी दमट हवा. रंग वाळता वाळेना. तो गोठ्याची जमीन शिंपून धूळ बसवायचा, दाराला ओलं गोणपाट बांधायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की गोठ्यात एकही माशी नाही. बैल असते तर रंगावर माशा बसल्याच असत्या. रंगाला बरंच होतं ते. उखाला मात्र त्या रिकाम्या दावणीकडे बघवेना.

चार हात दिले. पोळ्याच्या सकाळी गोणपाट सोडलं, तेव्हा चाकात गोठ्याचं अख्खं दार दिसत होतं. पाटील आले. अंगठ्यानं हळूच दाबून पाहिलं. मग सगळा पंजा टेकवला, दोन्ही हातांनी घट्ट धरलं, गच्च वळवलं. हात कोरडेच्या कोरडे.

"बठ," ते म्हणाले. "रंग ली ले संगे."

पाटलीणबाईंनी पुरणपोळी फडक्यात बांधून दिली. नंदुरबार ओलांडून मोटार नवापूरच्या रस्त्याला लागली. उखाच्या मांडीवर उरलेल्या हस्तिदंती रंगाचा डबा होता. दुसऱ्या कुणी आधीच शिंगं रंगवली असली तर? लाख्यानं ओळखलंच नाही तर?

रायसिंगच्या अंगणात दोन्ही बैल बांधले होते. उजव्याची शिंगं लालभडक. लाख्याची तशीच, कोरडी, मातकट. "तीन जन लागनात धराले," रायसिंग म्हणाला, "पण हाऊ काही हात लावू दे ना."

उखा पुढे गेला. तो नुसता वाटी घेऊन समोर उकिडवा बसला. लाख्यानं कान टवकारले. एक पाऊल पुढे आला. आणि मान खाली घालून ते मोठं कपाळ त्याच्या खांद्यावर टेकवलं, नेहमीसारखं.

उखा रडत रडत रंगवत राहिला. लाज वाटली नाही त्याला. रंग झाल्यावर मागं वळला, तर पाटील अजून मोटारीतच बसलेले. "मालक, या ना. पोळी तुम्हीच द्या त्याले."

पाटील आले. पुरणपोळी तळहातावर धरून लाख्याच्या तोंडाशी नेली. लाख्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. पाटलांनी पुन्हा हात पुढे केला. पुन्हा तेच. रायसिंग दुसरीकडे बघायला लागला. मग उखानं पोळी घेतली, आणि लाख्यानं ती त्याच्या हातून दोन घासांत संपवली, वर हातही चाटला.

"रंगना वास शे, मालक," उखा घाईनं म्हणाला. "त्याना नाकमा भरना व्हई."

"तुन्हा हातले बी तोच वास शे, उखा," पाटील म्हणाले. "तुन्हा हातनं खाधं त्यानी."

दोघं परतीला निघाले. पाटलांचे हात त्या लखलखीत चाकावर होते आणि रस्ता नीट दिसावा म्हणून ते मधून मधून डोळे पुसत होते. गावाच्या शिवेत शिरल्यावर त्यांनी मोटार थांबवली. कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदाच उखाच्या डोळ्यांत पाहिलं, आणि विचारलं, "पुढला पोळाले, माले शिकाडशी का रंगाडानं?"