तोंड मोठं दिसावं म्हणून

अजिनाथला जन्मठेप झाली तेव्हा त्याच्या आईनं, आक्काबाईनं, एकच गोष्ट विचारली होती, भेटता येईल का. तो हर्सूलच्या तुरुंगात होता तोवर भेटता आलं. धाकटा लेक आदिनाथ तिला गारखेड्याहून मोटारसायकलवर न्यायचा, फाटकाशी उतरवायचा आणि स्वतः बाहेर लिंबाखाली थांबायचा. आत तो कधी गेला नाही. मेंढरं दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरली, बाचाबाची झाली, अजिनाथची काठी समोरच्याच्या डोक्यात बसली आणि माणूस जागीच गेला. त्या एका दुपारनं कळप गेला, गाव सुटलं, आदिनाथची ठरलेली सोयरीक मोडली. तो भावाशी भांडला नाही. फक्त त्याच्याकडं बघायचं त्यानं टाकून दिलं.

मग अजिनाथला तिकडं विदर्भातल्या एका तुरुंगात हलवलं. आक्काबाईचे गुडघे गेलेले, एवढा प्रवास तिला झेपणारा नव्हता. तुरुंगातल्या माणसाला आता व्हिडिओवर भेटता येतं, हे आदिनाथला तो कामाला होता त्या चितेगावच्या कंपनीत कळलं आणि त्यानं आईसाठी अर्ज केला. पहिली भेट मोबाइलवर झाली. फोन आईच्या हातात देऊन तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला. भेट संपल्यावर ती म्हणाली, "बोलला चांगलं. पण तोंड कसं, ज्वारीच्या दाण्याएवढं. काय दिसतंय त्यात?"

फोन लहान पडतो, एवढाच अर्थ आदिनाथनं घेतला.

खोलीच्या कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर कापडाखाली पडून होता. आदिनाथला तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला तेव्हा अजिनाथनं कोकरं विकून तो घेऊन दिला होता. टेम्पोत मॉनिटरचा खोका मांडीवर घेऊन बसला होता, लेकरू घेऊन बसावं तसा, आणि खड्डा आला की ड्रायव्हरला हळू चालवायला सांगत होता. पडदा चांगला मोठा होता. आदिनाथनं कापड काढलं.

कॉम्प्युटर सुरू झाला खरा, पण एकेक चित्र उमटायला चहा पिऊन व्हावा एवढा वेळ. शिवाय भेटीचं पान त्यातल्या जुन्या विंडोजवर उघडेचना. नवी विंडोज टाकावी तर दोन जीबीच्या रॅमवर ती धापा टाकणार. दुरुस्तीच्या दुकानातल्या राजकुमारनं त्याला समजावून दिलं की या बोर्डावर रॅमच्या पट्टीला दोनच खाचा आहेत, एकेका खाचेत चार जीबीच्या वर चालत नाही, आणि हल्लीच्या पट्ट्या यात बसतच नाहीत, त्यांचा काप वेगळ्या जागी असतो. चार-चारच्या दोन जुन्या पट्ट्या त्यानं कुठूनशा शोधून आणल्या, एकाच बनावटीच्या. दोन वेगवेगळ्या लावल्या तर कधी चालेल कधी अडेल, असं बजावलंही.

सुट्टीच्या दिवशी आदिनाथनं कॉम्प्युटरचा डबा आडवा पाडून उघडला. आत पंख्यावर धुळीची लोकर साचली होती. ती त्यानं ब्रशनं झटकली. आक्काबाई शेजारी पाय लांब करून बसली होती.

"काय करायलास?"

"पट्टी बदलायलोय. म्हंजे दादाचं तोंड मधीच अडकायचं नाय."

दादा हा शब्द तोंडातून कसा निसटला, त्याचं त्यालाच कळलं नाही. आईनं मात्र तो ऐकला असावा, कारण ती जरा त्याच्या जवळ सरकली.

त्यानं तिला तिच्या गुडघ्याजवळचा स्क्रू ड्रायव्हर मागितला. ती फरशीवर तळहात फिरवत राहिली. हात स्क्रू ड्रायव्हरच्या बाजूनं गेला, परत आला, पुन्हा बाजूनं गेला. म्हातारपणानं हात जड झालाय असं वाटून त्यानं स्वतःच तो उचलून घेतला.

नव्या पट्ट्या बसवून बटण दाबलं तर पडदा काळा, आणि डब्यातून लांब शिटी, थांबून पुन्हा तशीच. रॅम लागत नसली की तो असाच ओरडतो. आदिनाथनं पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबरनं घासल्या, खाचांत फुंकर मारली आणि दोन्हीकडचे खटके आपोआप मिटेपर्यंत अंगठ्यांनी दाबल्या. शिटी थांबली. सुरुवातीच्या निळ्या पानावर आठ जीबी दिसले. जुन्या बत्तीस बिटच्या विंडोजला मात्र त्यातले तीन-साडेतीनच वापरता येत होते. म्हणून कॉलेजातली ड्रॉइंगं तेवढी पेनड्राइव्हवर घेऊन त्यानं सगळं पुसलं आणि चौसष्ट बिटची नवी विंडोज टाकली. पुसताना जीव जरा खालीवर झाला. पण सूर्य कलायच्या आत कॉम्प्युटर तरण्या खोंडासारखा चालू लागला. वर कॅमेरा लावला, बाजूला स्पीकर ठेवले.

भेटीच्या दिवशी त्याला दाराबाहेर जाता आलं नाही. माउस धरायला कुणी तरी हवं होतं. आईला खुर्चीत बसवून तो मागं उभा राहिला, आणि पडदाभर अजिनाथ आला.

डोकं भादरलेलं, गालांत खड्डे, दाढी-मिशी सफाचट. आदिनाथच्या मनातला भाऊ भरदार होता, झुबकेदार मिशांचा. हा कुणी दुसराच होता. अजिनाथचेही डोळे आईवरून मागं गेले आणि तिथंच थांबले.

"दिसतोय का, माय?" त्यानं विचारलं.

"दिसतोस की. चांगला मोठा दिसतोस," आक्काबाई म्हणाली. तिचं तोंड पडद्याच्या जरा डावीकडं, भिंतीकडं होतं. "दाढी केवढी वाढवलीस रं. काढाया कुनी नाय व्हय तिथं?"

अजिनाथचा हात आपल्या गुळगुळीत हनुवटीवर गेला. त्यानं आईकडं पाहिलं, मग आदिनाथकडं. आदिनाथनं मान खाली घातली.

"हाय की," अजिनाथ म्हणाला. आवाज त्यानं सांभाळला. "काढतो, माय. उद्याच काढतो."

नंतर डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. तो कडेकडेनं नजर खात आला होता. आता थोडा उजेड तेवढा कळत होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलंय ते टिकावं म्हणून थेंब घालत राहा, म्हणाले. बाहेरच्या बाकावर आदिनाथनं आईला विचारलं, सांगितलं का नाही.

"काय सांगू? एक लेक आत बसला. दुसऱ्याला माझ्यापायी दवाखान्यात बसवू व्हय?" मग ती म्हणाली, "त्याला कळू देऊ नको. तिथं त्याला दुसरं काय हाय? माय बगती, एवढंच हाय."

त्याला कळलंय, हे आदिनाथच्या ओठांपर्यंत आलं. ते त्यानं गिळलं आणि तिचा हात धरून तिला पायऱ्या उतरवू लागला.

पुढच्या भेटीला अजिनाथ आपणहून सगळं सांगत सुटला. सतरंज्यांच्या मागावर काम मिळालंय, अंगात पांढरा सदरा आहे, मागच्या खिडकीतून चिंच दिसते. आक्काबाई मान हलवत होती. आदिनाथ आईच्या खांद्यावरून भावाकडं बघत होता. डाव्या भुवईवर एक नवा वण होता. तो कशाचा, हे त्याला विचारायचं होतं.

तेवढ्यात लाइन खराब झाली. चित्र चौकोनाचौकोनांत फाटू लागलं, आवाज तुटू लागला. आक्काबाई पुढं वाकून कान देऊ लागली. चित्र थांबवलं तर आवाज नीट येईल, अशी सूचना पडद्यावर आली. आदिनाथनं तुटक्या चौकोनांतून भावाचं तोंड एकदा पुरतं बघून घेतलं. मग आईचं चित्र तिकडं जात राहील असं ठेवून त्यानं तिकडून येणारं बंद केलं.

पडदा काळा झाला. अजिनाथचा आवाज खोलीत स्वच्छ भरला.

"आज जरा अंग धरलेलं दिसतंय तुझं," आक्काबाई पडद्याकडं तोंड करून म्हणाली.

"व्हय, माय. खातोय पोटभर."

आदिनाथनं तिच्या शेजारी स्टूल ओढलं आणि कॅमेऱ्यात येईल असा बसला.

"दादा," तो म्हणाला, "भुवईला काय लागलं?"

तिकडून आलं ते बोलणं नव्हतं. मोठा भाऊ रडत होता, आणि आई दोघांनाही म्हणत होती, "रडू नका रं, मला समदं दिसतंय."