वाळलेल्या समुद्रातलं जेवण

खाणीवर सगळे तिला वहिनी म्हणत. कामगारांना खाली-वर नेणारा पाळणा चालवणाऱ्या दादाची बायको, म्हणून वहिनी. पुढे पुढे मात्र उलटंच झालं. दादालाच लोक वहिनीचा नवरा म्हणून ओळखायला लागले, कारण खाणीची मेस वहिनीच्या हातात होती, आणि भुकेल्या माणसाला मेसपुढे पाळणा काय नि ऑफिस काय, सगळं दुय्यमच.

खाण मिठाची होती. पण याचं वहिनीला कधी विशेष वाटलं नव्हतं. तिच्या लेखी मीठ म्हणजे शेगडीशेजारची लाकडी पेटी आणि त्या पेटीत जाणारी तिची तीन बोटं. मोजायचं नाही, चाखून बघायचं नाही. रस्सा उकळी फुटून वर आला की हात आपोआप पेटीकडे वळायचा, आणि पडायचं ते नेमकं पडायचं. भात करपला तर ती "करपला बाई" म्हणून मोकळी व्हायची, डाळ पातळ झाली तर स्वतःच आधी हसायची. पण मिठावर कोणी बोट ठेवलेलं तिला खपत नसे.

आणि नेमकं तेच झालं.

पूर्वी कामगार दुपारी वर येऊन मेसमध्ये जेवायचे. मग खाली नवा बोगदा निघाला. तो इतका लांब गेला की वर यायचं म्हटलं तर अर्धी सुट्टी वाटेतच संपायची. तेव्हा मॅनेजरसाहेबांनी ठरवलं की डबे खाली पाठवायचे. डबे गेले आणि निम्मे भरलेलेच परत आले. बटाट्याचा रस्सा जसाच्या तसा, घेवडा नुसता चिवडलेला, पाव तेवढे संपलेले. सोबत निरोप: मीठ फार झालंय.

"मीठ? माझ्या हातून?" वहिनी डब्याकडे बघतच राहिली.

तिची नणंद मेसमध्येच तिच्या हाताखाली काम करायची. लग्नाच्या भानगडीत न पडलेली, कांदा चिरताना डोळ्यांत पाणी न येणारी आणि बोलताना कोणाची भीड न ठेवणारी बाई. तिनं डब्यात बोट बुडवून चाटलं. "बरोबर तर आहे. त्यांच्या जिभांना काहीतरी झालंय."

दुसऱ्या दिवशी वहिनीनं मन घट्ट करून हात आखडता घेतला. डबे पुन्हा तसेच आले. तिनं आणखी कमी केलं. त्या दिवशी ऑफिसातले कारकून ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "वहिनी, आज मीठ घालायला विसरलात वाटतं?" आणि खालून निरोप आला: अजून खारट आहे.

"एकाच पातेल्यातलं जेवण!" वहिनी कपाळाला हात लावून बसली. "वर अळणी आणि खाली खारट?"

"तुझं मीठ माणूस बघून पडतं की काय?" नणंद म्हणाली.

एरवी वहिनी यावर हसली असती. त्या दिवशी तिनं पदर खोचला आणि तडक पाळण्यापाशी जाऊन उभी राहिली. पाळी संपली होती. पाळण्यातून कामगार बाहेर पडत होते, भुवयांपासून बुटांपर्यंत पिठात लोळल्यासारखे पांढरे. सगळ्यांत शेवटी मुकादम आला. हा माणूस अंगानं एवढा दांडगा की पाळण्याच्या दारातून त्याला तिरकं होऊन निघावं लागे, आणि स्वभावानं इतका मऊ की कोणाला रागवायचं झालं तर आधी माफी मागे.

"मुकादम, तुमच्या लोकांना जिभा तपासून घ्यायला सांगा," वहिनी म्हणाली. "आयुष्य गेलं माझं या चुलीपुढे. मला मीठ शिकवता?"

"तसं नाही हो वहिनी. वर खाल्लं की तुमचं जेवण अमृत असतं. खाली नेलं की काय होतं कोण जाणे."

"डब्यात भुतं शिरतात?"

मुकादमानं डोकं खाजवलं. केसांतून मिठाचा भुगा खाली पडला. "तुम्ही एकदा खालीच या ना. आमच्याबरोबर बसून जेवा. मग तुम्ही म्हणाल ते खरं."

पाळण्याच्या खोलीतून दादा हे ऐकत होता. कामगारही घुटमळले होते. आता मागे कसं हटायचं?

"येते की! मी काय घाबरते?" वहिनी म्हणाली, आणि रात्री दादाला दोनदा विचारलं, पाळण्याचा दोर पक्का आहे ना.

मुकादमानं मॅनेजरसाहेबांची परवानगी काढली. ठरल्या दिवशी वहिनी डोक्यावर टोपी, टोपीला दिवा आणि हातात स्वतःचा डबा घेऊन पाळण्यात चढली. दादा खोलीच्या खिडकीतून वाकून म्हणाला, "हळू सोडतो." एवढंच. पण त्याचा आवाज लग्नाच्या पहिल्या वर्षात असायचा तसा होता, आणि वहिनीनं डबा पोटाशी घट्ट धरला.

पाळणा खाली सरकू लागला. उजेड आधी डोक्यावर ताटाएवढा दिसला, मग वाटीएवढा, मग दिसेनासा झाला. कान बंद झाले. खाण म्हटली की चिखल, ओल, काळोख आणि डोक्यावर टपटपणारं पाणी, असं चित्र तिनं मनात पक्कं केलं होतं. म्हणून तिनं जुनी साडीही नेसली होती. पण खाली हवा कोरडी होती, उबदार, कपडे वाळत घालावेत अशी. पाळणा जमिनीला टेकला तो कळलाही नाही.

मुकादमानं दार उघडलं. वहिनीनं पाऊल बाहेर टाकलं, मान वर केली, आणि तिच्या टोपीवरच्या दिव्याचा झोत भिंतीवर पडला.

भिंत पेटली. निदान तिला क्षणभर तसंच वाटलं. दिवा जिथे जाई तिथे हजारो ठिणग्या उठत, मान हलवली की त्या विझत आणि शेजारी दुसऱ्या उठत. समोर दालन पसरलं होतं. छत इतकं उंच की उजेड तिथपर्यंत जाईपर्यंत दमून जाई. भिंतींवर आडव्या रेघा होत्या, कुठे पांढऱ्या, कुठे राखाडी, कुठे मांसासारख्या गुलाबी, आणि त्या एका टोकापासून अंधारात पार नाहीशा होईपर्यंत संथ लहरत गेल्या होत्या. एवढ्या मोठ्या जागेत ती आयुष्यात कधी उभी राहिली नव्हती.

तिनं हळूच एक बोट भिंतीला लावलं आणि जिभेवर टेकवलं.

"मीठ!" ती म्हणाली.

"मग काय, साखर वाटली?" मुकादम हसला. मागून दोघंतिघं हसले.

वहिनीला हसू आलं नाही. तिनं पायाखाली बघितलं. मीठ. डोक्यावर, मीठ. ज्याच्यावर तिनं हात टेकला होता तो खांब, समोरची बसायची ओबडधोबड बाकं, सगळं मीठ. चिमटीतली वस्तू. पेटीत बोटं घालून ती रोज जे उचलायची, सांडलं तर फडक्यानं पुसून टाकायची, ते इथे डोंगराएवढं होऊन तिच्या भोवती शांतपणे उभं होतं.

"हे आलं कुठून एवढं?" तिनं विचारलं. आवाज आपोआप बारीक झाला होता.

"समुद्र होता इथे," मुकादम म्हणाला. "माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी. तो आटला. पुन्हा भरला, पुन्हा आटला. या रेघा दिसतात ना, ते त्याचे थर. आपण त्याच्या तळाशी उभे आहोत, वहिनी."

वहिनीनं मान वर केली. आपल्या डोक्यावर पाणीच पाणी आहे आणि आपण तरी श्वास घेतोय, असं काहीतरी तिला वाटत होतं.

जेवणाची वेळ झाली. दूरवर घरघरणारं यंत्र बंद झालं, आणि जी शांतता पसरली तिच्यात वहिनीला स्वतःच्या बांगड्यांचा आवाजही मोठा वाटला. कामगार मिठाच्या बाकांवर बसले. डबे उघडले गेले. कोणी पहिला घास घेईना. सगळ्यांचे डोळे वहिनीवर.

तिनं पाव रश्श्यात बुडवला आणि तोंडात घातला.

खारट. घशाला टोचेल असं खारट. आणि हा रस्सा तिनं स्वतः, अगदी जपून, कारकुनांना अळणी लागेल इतका कमी मिठाचा केला होता.

तिनं दुसरा घास घेतला. तोही तसाच. मग तिनं डबा बाजूला ठेवला आणि नुसते ओठ चाटले. ओठच खारट होते. मनगट चाटलं, तेही. तिनं दिव्याकडे बघितलं. झोतात बारीक पांढरी धूळ तरंगत होती, उन्हातल्या कणांसारखी, आणि हळूहळू उघड्या डब्यांत उतरत होती.

"अगं बाई," वहिनी पुटपुटली. "तो घालतोय मीठ."

"कोण?"

"समुद्र तुमचा!"

या वेळी ती स्वतःच हसत सुटली, आणि तो मोठा मुकादमही गुडघ्यावर थापा मारत हसला. दालनात ते हसू लांबपर्यंत गेलं आणि उशिरानं परत आलं.

निघायच्या आधी मुकादमानं तिला एका कोपऱ्यात नेलं. तिथे भिंतीत मिठाचा एक मोठा स्फटिक होता, काचेसारखा स्वच्छ. "दिवा मागून धरतो. आत बघा."

आत पाण्याचा थेंब होता. चिंचोक्याएवढा. आणि त्या थेंबात एक बुडबुडा. मुकादमानं सांगितलं, हा त्याच समुद्राचा थेंब. मीठ गोठत असताना आत अडकला, तो बाहेर निघालाच नाही. तेव्हापासून त्याला वारा लागलेला नाही, ऊन लागलेलं नाही. तिथली एक सुटी झालेली ढलपी त्यानं तिच्या हातात दिली. तिच्यातही तसाच एक थेंब होता, बारीकसा. वहिनीनं ती तिरकी केली. बुडबुडा सरकला.

ती कितीतरी वेळ ढलपी इकडून तिकडे कलती करत राहिली. इतका जुना समुद्र तिच्या तळहातावर हलत होता. मुकादम म्हणाला, "न्या घरी." पण तिनं ती अलगद भिंतीच्या कपारीत ठेवली. "नको. माझ्या हातून फुटली तर?"

वर आल्यावर दादानं विचारलं, "कसं आहे खाली?" ती टोपी उतरवत म्हणाली, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये खाणीच्या डब्यांचं वेगळं पातेलं चढलं, आणि त्यात मिठाचा कण पडला नाही.

"अळणी जेवण पाठवणार?" नणंदेनं डोळे मोठे केले. "लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

"मीठ तिथे आहे. आपण बाकीचं पाठवायचं."

बाकीचं म्हणजे काय, हे मात्र तिलाही अजून ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं लाल मिरच्या लसूण आणि व्हिनेगरमध्ये वाटून जळजळीत सॉस केला आणि डब्याडब्यात एक वाटी दिली. संध्याकाळी मुकादम आला तो ओठांवर ओला रुमाल धरूनच.

"वहिनी, चव छान होती," तो आधी म्हणाला. "पण आमचे ओठ मिठानं फुटलेले असतात हो. त्यावर मिरची आणि आंबट! आज सगळा बोगदा नाचत होता."

वहिनी ओशाळली. आपण तिथे जाऊन भिंती बघितल्या, समोर बसलेल्या माणसांचे ओठ बघितले नाहीत. मग तिनं डोकं लढवलं. टोचणारं नको, वासाचं हवं. ओठांना तेलाचा हात लागेल असं हवं. लसूण मंद आचेवर तेलात सोनेरी होईपर्यंत ठेवली. तीळ खमंग भाजून त्याच तेलात वाटले, की चमच्यावरून जाड धार पडावी. आलं किसून त्यात मध कालवला. लिंबाच्या सालीचा नुसता पिवळा पापुद्रा खरवडला, रस नाही. पुदिना वाळवून चुरला. नणंद आधी नाक मुरडत होती. तिळाच्या सॉसमध्ये बोट बुडवल्यावर तिनं दुसरं बोटही बुडवलं.

डबे खाली गेले. वर आले ते रिकामे. एकाचा तर इतका पुसून काढलेला की नणंदेनं विचारलं, "हा धुवायचा की ठेवून द्यायचा?"

मग प्रत्येकाच्या खोडी सुरू झाल्या. एकाला तिळाचाच सॉस हवा, दुसरा लसणीच्या तेलाशिवाय पावाला हात लावेना, तिसऱ्यानं आलं-मध भातावर ओतून खायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं. आठवड्याभरात त्यातले निम्मे तसंच खायला लागले. वहिनी बरण्या भरून पाठवू लागली. मीठ कोणी मागितलं नाही.

एका संध्याकाळी मुकादमाची बायको मेसमध्ये आली. लहानखुरी, चुणचुणीत बाई. सुट्टीच्या दिवशी नवरा घरच्या जेवणात तिळाचा सॉस शोधतो म्हणून कृती शिकायला आली होती. वहिनीनं तीळ भाजायला घेतले.

"खाली काय सुरेख आहे हो!" वहिनी म्हणाली. "तुम्हाला सांगितलंच असेल त्यांनी."

"ह्यांनी? छे. विचारलं तर म्हणतात, मिठाची खाण आहे, दुसरं काय असणार."

वहिनीचा हात थांबला. "बसा जरा," ती म्हणाली. जे तिला नवऱ्यापुढे धड सांगता आलं नव्हतं ते तिळाच्या धुरात आपोआप बाहेर पडू लागलं. पेटलेली भिंत. लहरत गेलेल्या रेघा. आटलेला, भरलेला, पुन्हा आटलेला समुद्र. थेंब, आणि थेंबातला बुडबुडा. मुकादमाची बायको ऐकता ऐकता स्टुलाच्या कडेवर आली होती. नणंदही विळी सोडून दाराशी उभी होती. तीळ करपले, ते कोणालाच कळलं नाही.

तेवढ्यात मुकादम बायकोला न्यायला आला. तिरका होऊन दारातून आत शिरला, भुवयांवर मीठ तसंच. तिन्ही बायका त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

"काय झालं?" तो घाबरून स्वतःच्या अंगाकडे बघू लागला. "काही सांडलंय का?"

त्याची बायको उठली. तिनं बोटानं त्याच्या भुवईवरचा पांढरा कण टिपला आणि दिव्यासमोर धरून निरखून बघितला.

"एवढी वर्षं," ती हळूच म्हणाली, "तुम्ही समुद्रातून घरी येताय, आणि मला सांगितलं नाहीत?"