फसण्याची नोकरी

दुर्वा चाचणीत पास झाली, तर तिच्या आईला, म्हणजे नीलिमाला, नेपियर टाऊनच्या शाळेत तिचा प्रवेश मिळणार होता. चाचणी घेणाऱ्या शैलजा मॅडमना भिंतीवर लावायला आणखी एक हसरा फोटो मिळणार होता. आणि मला? मला पुन्हा एकदा फसायला मिळणार होतं.

मित्रांनो, मी एक जुनी चिंधीची बाहुली आहे, आणि फसणं हीच माझी नोकरी. आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, गढ्याच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानाच्या वर, स्वमग्न मुलांचं एक केंद्र आहे. तिथल्या विभावरीताईंनी ब्लाऊजच्या उरलेल्या कापडातून मला शिवलं. केस लोकरीचे, डोळे बटणांचे. एक शर्टाचं, एक कोटाचं. जगाकडे मी अशी थोडी तिरकीच पाहते.

काम सोपं होतं. मी गोटी डब्यात ठेवायची आणि दाराबाहेर जायचं. माझ्यामागे मॅडम ती टोपलीत सरकवणार. मी परत आले की मुलाला विचारायचं, “गुड़िया कंचा कहाँ ढूँढेगी?” मूल ‘डब्यात’ म्हणालं, तर त्याला दुसऱ्याच्या मनातलं कळतं. ‘टोपलीत’ म्हणालं, तर कळत नाही. एवढ्याशा गोटीवर माणसं केवढा निकाल लावतात!

दुर्वा त्याच शहरातल्या चेरीताल भागातून यायची. मोजकं बोलायची, पण बोललेलं तोलून घ्यावं असं. ती म्हणाली, “टोकरी में.” मॅडमनी कागदावर फुली मारली.

आजोबा, नरहरराव, बाहेर बाकावर बसले होते. दुर्वा मला काखेत मारूनच त्यांच्याकडे गेली.

“आजोबा, मॅडमनं स्वतःच गोटी सरकवली अन् मलेच विचारून राहिली, कुठं आहे म्हणून.”

“मग?”

“विसरली असन बिचारी. म्हणून मी खरी जागा सांगून टाकली.”

मित्रांनो, मॅडमच्या मनातलं ओळखून तिने मॅडमनाच मदत केली होती! आजोबा लगबगीने आत गेले आणि त्यांनी मॅडमना, तिथेच बसलेल्या नीलिमासमोर, सगळं सांगितलं. मॅडम हसल्या. “दादाजी, ये तो आप अपनी तरफ़ से जोड़ रहे हैं। घर में मराठी-हिंदी दोनों चलती हैं ना? बस, वही गड़बड़ है। अब सिर्फ़ हिंदी रखिए।”

“आमच्या घरात मराठी भोसल्यांच्या चाकरीपासून चालून राहिली आहे,” आजोबा नीलिमाकडे वळून म्हणाले.

“अच्छा? मग भोसलेच येऊन ॲडमिशन देतीन का, बाबा?”

आजोबा दुर्वाच्या चपला आणायला बाहेर गेले.

सरावासाठी मॅडमनी मला पिशवीत घालून दुर्वाच्या घरी पाठवलं. त्या घरात आधी काय चालायचं, ते मला शेजारच्या रामरावांकडून कळलं. संध्याकाळी आजोबा-नात पायरीवर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची मनं ओळखायचे. “तो भाजीवाला काहून थांबला, सांग?” “त्याला वाटून राहिलं की आई घरी आहे. पण आई तर बँकेत आहे.” अशी ती दोघांची शाळा, पाटी ना पेन्सिल.

मॅडमच्या सल्ल्यानंतर ती शाळा बंद झाली. ‘आई’ची ‘मम्मी’ झाली. आजोबांना हिंदी उत्तम येत होती, पण नातीशी हिंदीत बोलायला गेले की तोंडातून कचेरीतला अर्जच निघायचा. चुकून मराठी आली, तर स्वयंपाकघरातून हाक यायची, “बाबाऽ!” मग त्यांनी बोलणंच सोडलं. दुर्वा समोर आली की वर्तमानपत्र उघडायचं. मुलीच्या भल्यासाठी!

हे का चाललंय, ते दुर्वाला कोणीच सांगितलं नाही. तिला कुठे कळतं, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण आजोबा रामरावांशी मराठीत तासन् तास बोलत, हे तिला दिसत होतं. मम्मीशी बोलत, दूधवाल्याशी बोलत, हेही दिसत होतं. तिने सगळं मांडलं आणि मला समोर बसवून उत्तर सांगितलं, “आजोबा को लगता है कि दुर्वा घर में नहीं है। लेकिन दुर्वा तो यहीं है।”

पाहिलंत, मित्रांनो? एवढा नेमका विचार आणि एवढं चुकीचं उत्तर! चूक तिची नव्हती. सांगायची गोष्टच तिच्यापासून लपवली होती.

नीलिमाने दारातून ऐकलं आणि टाळीच वाजवली. “बाबा, ऐकलं? ‘लगता है कि’ म्हणाली! पूर्ण वाक्य!” तिने दुर्वाकडून ते पुन्हा म्हणवून घेतलं, मोबाईलवर टिपलं आणि मॅडमना पाठवलं. मॅडमकडून फुलांच्या गुच्छाचं चित्र आलं. वर्तमानपत्रामागे आजोबांनी चष्मा काढला, तो बराच वेळ पुसला.

पुढच्या चाचणीत दुर्वा ‘डिब्बे में’ म्हणाली. प्रवेश झाला, खोव्याची जलेबी आली, माझंही कौतुक झालं. त्या संध्याकाळी नीलिमा मोकळ्या मनाने म्हणाली, “चलो, झालं एकदाचं. बाबा, आता बोला तिच्याशी मराठीत. आता चालते.”

आजोबांनी घसा साफ केला. पायरीवर सरकून जागा केली. “ये बाई. बस इथं.”

दुर्वाने मागे वळून दाराकडे पाहिलं. मग रिकाम्या रस्त्याकडे. मग शांतपणे विचारलं, “मम्मी, आजोबा किससे बात कर रहे हैं?”

आता मी त्याच घराच्या माळ्यावर असते. वरून सगळं दिसतं. माझी एवढीच विनवणी आहे, मित्रांनो: लेकराच्या घरातलं काही बंद करायचं असेल, तर आधी त्या लेकराला सांगा, त्याला कळेल अशा भाषेत. त्याला कळत नाही असं धरून चालू नका. ते तुमच्या गप्प बसण्याचाही अर्थ लावत असतं.

बाकी हिशेब सरळ आहे. शाळेला हुशार विद्यार्थिनी मिळाली, मॅडमना फोटो, नीलिमाला झोप. नरहररावांनी किंमत म्हणून नात भरली. आणि दुर्वाने, काय घेतलं जातंय हे कुणी न सांगताच, आजोबा भरले.