रश्श्यातला होकार

नारिंगाला बहर आला की मन्नूबियाचं फाटक दिवसभर सताड उघडं असायचं. गल्लीतल्या बायका आपापल्या परसातली फुलं फडक्यात बांधून आणायच्या, तिच्या तांब्याच्या भांड्यात त्यांचा अर्क काढून न्यायच्या आणि बसल्या बसल्या अख्ख्या गावाची खबरबात घेऊन जायच्या. नाबल शहराच्या अलीकडच्या त्या गावात वसंतात घरोघरी फुलांचं पाणी निघतं. पण मन्नूबियाच्या झाडाच्या पाण्याचा वास दुसऱ्या कशाला नाही, असं सगळ्या म्हणायच्या. एक खद्दूजा सोडून. ती भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. तोंडावर एवढं चांगलं बोलणं तिला परवडणारं नव्हतं.

झाड मन्नूबियानं लग्नाच्या पहिल्या वर्षी आणलेलं. भरतकामाचे पहिले पैसे हातात आले आणि ती शुक्रवारच्या बाजारातून हे रोप घेऊन आली, बसमध्ये मांडीवर धरून. तय्यब, तिचा नवरा, बघतच राहिला होता. "मला वाटलं बांगडी आणशील," तो म्हणाला होता. घर त्याच्या बापाचं, भांडीकुंडी सासूची, आरसासुद्धा नणंदेनं दिलेला. झाड तेवढं तिचं. पुढे तय्यब गेला, घर तिच्या नावावर झालं, तरी 'माझं' म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे अजून झाडच यायचं.

त्या दिवशी ती शिडीवर होती. खाली चादरी अंथरलेल्या, खद्दूजा चादरीच्या कडेला बसून फुलांची देठं खुडत होती. तेवढ्यात गल्लीत एक ट्रक येऊन थांबला. ट्रकवर आडवा विजेचा खांब. चार माणसं उतरली, उघड्या फाटकातून सरळ आत आली आणि त्यांच्यातल्या जाड मिशीवाल्यानं झाडाच्या बुंध्याशेजारी, चादर जरा बाजूला सारून, लाल रंगाची फुली मारली.

"सलाम, मावशी," तो वर बघून म्हणाला. "मी लझहर. वीज कंपनीचा मुकादम. खांब इथे येणार."

"कुठे इथे?"

"इथे. आणि वायर अशी वरून जाणार." त्यानं हवेत हात फिरवला. तो हात बरोबर मन्नूबियाच्या कमरेपाशी आला. "तेव्हा झाडाचं डोकं तेवढं उतरवावं लागेल. काळजी नको, खोड ठेवू."

"खोडाला फुलं येतात का रे?" खद्दूजानं खालून विचारलं.

मन्नूबिया शिडीवरून उतरली. फुलीपाशी जाऊन उभी राहिली. आणि तेवढ्यात मशिदीतून दुपारची बांग झाली. चारही माणसांनी टिकाव-फावडी खाली ठेवली, भिंतीच्या सावलीत टेकली आणि घाम पुसू लागली. एकानं खिशातून अर्धी सुकी रोटी काढली.

चुलीवर घेवड्याचा रस्सा शिजत होता. वास अंगणभर. दारात आलेली माणसं सुकी रोटी खातायत आणि घरात रस्सा आहे, हे मन्नूबियाला बघवणारं नव्हतं. डोकं अजून फुलीपाशीच होतं, पण हात आपोआप कामाला लागले. तिनं वाडगे भरले, ताजी भट्टीची रोटी मोडून ठेवली, वर हरिसाची तिखट लाल चटणी, बाजूला ऑलिव्ह. माणसं बोटं चाटून जेवली.

लझहरनं वाडगा रोटीनं पुसून लख्ख केला आणि उठला. "देव तुझं भलं करो, मावशी. म्हणजे घरधनीण राजी. उद्या दुपारी खणायचं यंत्र घेऊन येतो."

ट्रक गेला. खद्दूजानं कपाळावर हात मारला.

"अगं बाई, काय करून बसलीस!"

"जेवायला घातलं. उपाशी पाठवू?"

"खणायला आलेल्या माणसांना तू जेवायला घातलंस!"

आता मन्नूबियाच्या डोक्यात उजेड पडला आणि ती चादरीवर मटकन बसली. त्या भागात घराचा पाया खणायला माणसं आली की घरधनी पहिल्या दिवशी त्यांना पोटभर जेवू घालतो, बहुतेक घरी कुसकुस, म्हणजे वाफवलेला रवा, आणि वर मटण. ते जेवण म्हणजे होकार. एकदा ते पोटात गेलं की मग घरधन्यानं कुरकुर करायची नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही नाही. तिच्या सासऱ्यानं हे घर बांधलं तेव्हाही असंच झालं होतं, आणि ते जेवण कसं खारट झालं होतं हे सासू मरेपर्यंत सांगत होती.

"म्हणजे मी हो म्हटलं?"

"पोट भरून," खद्दूजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मन्नूबिया डोक्याला रुमाल बांधून वीज कंपनीच्या कचेरीत जायला निघाली. खद्दूजा बरोबर, न बोलावता.

"फुलांच्या पाण्याची एक बाटली घे. साहेबांना दे," खद्दूजा म्हणाली.

"आधी दिली तर लाच. नंतर दिली तर प्रेम. नंतर बघू."

साहेब नव्हते, साहेबीण होती. सिहेम नावाची इंजिनिअर. तिशीची असेल, केस वर बांधलेले, टेबलावर गार झालेली कॉफी. मन्नूबियानं सगळं सांगितलं: फुली, शिडी, झाडाचं डोकं. रश्श्याचं तेवढं गिळलं.

सिहेमनं पेन खाली ठेवलं. "मावशी, तुमच्या घराला कुंपणाची भिंत आहे?"

"आहे. सासऱ्यानं बांधलेली."

"मग तुमच्या अंगणात खांब रोवायचा तर आम्ही आधी तुम्हाला विचारायला हवं. तुम्ही नाही म्हणू शकता. दुसरी जागा दाखवू शकता, आणि आम्हाला ती येऊन बघावी लागते. खांब लागला तरी जमीन तुमचीच राहते. कुणी तुम्हाला विचारलं होतं?"

"चादर बाजूला सारली होती," मन्नूबिया म्हणाली.

सिहेमनं फोन उचलला. पलीकडे लझहर. त्याचा आवाज इतका मोठा होता की खद्दूजालाही मान लांब करावी लागली नाही. "मॅडम, घरधनीण राजी आहे! आम्ही तिथं जेवलो!"

सिहेमही त्याच भागातली पोर होती. तिनं फोनवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "मावशी, जेवायला काय दिलंत?"

"घेवड्याचा रस्सा."

"कुसकुस नाही?"

"नाही गं."

"मटण?"

मन्नूबिया जमिनीकडे बघू लागली. सिहेमनं उसासा टाकला. "मी येते दुपारी," ती म्हणाली.

दुपारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. फुलं घेऊन आलेल्या बायका, त्यांना शोधायला आलेले नवरे, आणि मागच्या नव्या घरांमधली माणसं, कारण खांब खरा त्यांच्यासाठी होता. तिकडे वीज इतकी अशक्त यायची की एकानं इस्त्री लावली की दुसऱ्याचा टीव्ही मान टाकायचा. त्याच तारेवर खद्दूजाचंही घर होतं. तिचा फ्रिज महिन्याभरापासून कण्हत होता. हे मन्नूबियाला माहीत होतं, आणि खद्दूजानं त्याबद्दल एक शब्दही काढला नव्हता हेही.

लझहर आपल्या माणसांसकट हजर. यंत्र गल्लीत उभं.

"मॅडम, कागद राहिला असेल, कबूल," तो म्हणाला. "पण या घरानं आम्हाला जेवू घातलं. आपल्याकडे याच्यावर काही असतं का?"

"रस्सा होता!" खद्दूजा ओरडली. "रस्सा तर मी मांजरालाही घालते. म्हणून मांजरानं माझ्या घरात विहीर खणायची?"

"मांजराचा नसेल असा रस्सा. त्यात कदीद होतं!"

अंगणात कुजबुज झाली. कदीद म्हणजे ईदचं मटण, मीठमसाला लावून उन्हात वाळवलेलं. कदीद पडलं म्हणजे मटण पडलं, असं दोघा नवऱ्यांचं मत. वाळलेलं मटण चवीपुरतं, ते जेवणात धरायचं नाही, असं बायकांचं. एक म्हातारा म्हणाला, किती मोठा तुकडा होता त्यावर आहे. सगळ्यांनी लझहरच्या माणसांकडे पाहिलं.

"मला आला होता," बूबकर नावाचा धिप्पाड गडी लाजत म्हणाला. "पण त्यात निम्मं हाड होतं."

"हाड! ऐकलंत?" खद्दूजा जिंकल्यासारखी वळली. "हाड चुकून पडतं. भांड्याला चिकटलेलं असेल. सांग गं मन्नूबिया, चुकून पडलं ना?"

नुसतं हो म्हटलं की झाड वाचत होतं. सगळं अंगण तिच्या तोंडाकडे बघत होतं. वरून एक फूल सुटलं आणि चादरीवर पडलं.

"चुकून नाही पडलं," मन्नूबिया म्हणाली. "मीच टाकलं. कदीदशिवाय घेवडा मी कुणाला वाढत नाही."

खद्दूजानं डोळे मिटून घेतले. लझहरची मिशी वर गेली.

"पण लझहरभाऊ," मन्नूबिया पुढे म्हणाली, आणि आता तिचा आवाज सापडला होता, "मला एक सांग. माझ्या सासऱ्यानं पाया खणायला माणसं बोलावली होती. तुला मी बोलावलं?"

"नाही."

"खणू का, असं तू मला विचारलंस?"

लझहर डोकं खाजवू लागला. "फाटक उघडं होतं, मावशी."

"फाटक फुलांसाठी उघडं होतं. तू काही विचारलंच नाहीस, मग माझ्या रश्श्यानं उत्तर कशाचं दिलं? तो होकार नव्हता बाबा. तुम्हाला भूक लागली होती, एवढंच होतं."

मग तो मघाचा म्हातारा म्हणाला, "बरोबर आहे," आणि लझहर खालमानेनं हसला. माणूस वाईट नव्हता. "विचारलं नाही खरं," तो म्हणाला. "त्या वासानं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं."

"कायदाही हेच म्हणतो," सिहेम म्हणाली. "फक्त त्यात कदीद नाही."

सगळे हसले. मागच्या घरांमधली माणसं तेवढी हसली नाहीत. त्यांच्यातला एक जण पाय बदलत म्हणाला, "मग आम्ही अंधारातच का, मावशी?"

मन्नूबियानं खद्दूजाकडे पाहिलं. खद्दूजा फुलांची देठं खुडण्यात गर्क होती. आयुष्यात एवढ्या मन लावून तिनं कधी देठं खुडली नव्हती.

"कोण म्हणालं अंधारात?" मन्नूबिया उठली. "दुसरी जागा दाखवायचा मला हक्क आहे ना गं? चल, दाखवते."

ती सिहेमला अंगणाच्या त्या टोकाला घेऊन गेली, फाटकाशेजारच्या कोपऱ्यात. तिथे ताडपत्रीखाली तय्यबची मोपेड उभी होती. तो गेल्यापासून तिला कुणाचा हात लागू दिला नव्हता मन्नूबियानं. भाच्यानं मागितली, नाही. भंगारवाला दर वर्षी विचारायचा, नाही. एका चाकातून गवत वर आलं होतं.

सिहेमनं टेप लावला, मान वर करून गल्लीचा अंदाज घेतला. "इथून वायर गल्लीवरूनच जाईल. झाडाला शिवणारही नाही. उलट हे बरं आहे." मग तिनं ताडपत्रीकडे पाहिलं. "पण मावशी, ही..."

"ती हलेल," मन्नूबिया म्हणाली. आणि लगेच बोटांवर मोजत सुरू झाली. "झाडाची एक डहाळी तोडायची नाही. खड्ड्याची माती माझ्या चादरीवर उडवायची नाही. भिंतीची वीट निघाली तर परत लावून द्यायची. उद्या मला इथे खोली बांधावीशी वाटली तर खांब तुम्ही हलवायचा, तुमच्या खर्चानं. आणि आत यायच्या आधी फाटक वाजवायचं. उघडं असलं तरी."

सिहेम लिहीत होती. "मावशी, हे सगळं तुमच्या हक्काचंच आहे. मागायचीही गरज नाही."

"मग मी एवढी का ओरडतेय?"

"ओरडलात म्हणून तर मी आले."

मोपेड हलवायला लझहर स्वतः पुढे झाला. ताडपत्री काढली, इंजिनाशी वाकून बसला आणि तिथेच रमला. "मावशी, गंजली आहे वरवर. आतून खणखणीत. प्लग बदलला तर चालेल ही."

"तिचा मालक असाच होता," मन्नूबिया म्हणाली. "वरून कुरकुरायचा." आणि मग, जरा थांबून, "झाडाखाली ठेवा. सावलीत."

बूबकरनं आणि दुसऱ्या एकानं मोपेड उचलून नारिंगाच्या बुंध्याला टेकवली, बरोबर त्या लाल फुलीवर. संध्याकाळपर्यंत तिच्या सीटवर फुलांचा सडा पडला. मन्नूबियानं ती फुलं मात्र वेचली नाहीत.

खणायचा दिवस ठरला तो सोमवार. सकाळपासून गल्लीत वास दरवळत होता. आज तो फुलांचा नव्हता. दुपारी ट्रक आला. फाटक सताड उघडं होतं, अंगणात बायका बसलेल्या आतपर्यंत दिसत होत्या. लझहर उंबरठ्याबाहेर थांबला आणि उघड्या फाटकावर त्यानं बोटांनी तीनदा टकटक केली.

"कोण आहे?" मन्नूबियानं आतून विचारलं, त्याच्याकडे बघतच.

"लझहर, वीज कंपनीचा. विचारायला आलोय."

"विचार."

"या कोपऱ्यात खांबासाठी खणू का, मावशी?"

मन्नूबिया आत गेली आणि दोन्ही हातांनी मोठी लाकडी परात घेऊन आली. परातीत कुसकुसचा डोंगर, वर हरभरे, भोपळा, आणि सगळ्यांत वर बकऱ्याच्या मांडीचं मटण, भलंमोठं, गल्लीच्या टोकावरूनही दिसेल असं.

लझहरनं ते पाहिलं आणि छातीवर हात ठेवला. "कळलं," तो म्हणाला.

"बस मग. आधी जेवा, मग खणा."

"आणि लवकर खणा," खद्दूजा देठं खुडता खुडता म्हणाली, "माझ्या फ्रिजमध्ये दही आहे."